भाऊ जर्मनीत पहिल्याच सत्रात दोन विषयांत नापास झाला आहे. पुढे काय करावे आणि घरी कसे सांगावे?

मखमलाबादची ताई यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिकला मखमलाबादमध्ये राहते. हा प्रश्न माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे आणि त्याला विचारूनच मी तो येथे मांडते आहे. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस तो यांत्रिकी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला गेला. पदवी नाशिकच्याच महाविद्यालयातली, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, सीजीपीए ८.२ आणि चार वर्षांत एकही केटी, म्हणजे मागे राहिलेला विषय, नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. आमच्या घरात नापास हा शब्द उच्चारण्याची वेळ आजवर आली नव्हती, एवढे वाचणाऱ्याच्या लक्षात यावे म्हणून सांगते.

फेब्रुवारीत त्याच्या चार विषयांच्या परीक्षा झाल्या. त्याचा फोन रोज रात्री साडेदहाला, म्हणजे तिथल्या संध्याकाळी सहाला, न चुकता यायचा. मार्चमध्ये तो दोन-दोन दिवस येईनासा झाला, आणि विचारले की ‘निकाल अजून लागायचा आहे’ एवढेच उत्तर मिळे. शेवटी मी एकटी असताना त्याने मला सांगितले की दोन विषयांत २.७ आणि ३.३ आहेत, तर कंटिन्युअम मेकॅनिक्स आणि कंट्रोल या दोन विषयांत ५.० आहेत. मला आधी वाटले की पाच म्हणजे चांगलेच असतील. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास, हे त्या दिवशी त्याच्याकडूनच कळले.

वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे. शिक्षणकर्जासाठी बँकेने आमचे राहते घर तारण घेतले आहे. विद्यापीठाला शिक्षण शुल्क नाही, सत्रागणिक थोडी रक्कम भरावी लागते. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो आधीच ठेवावे लागले आणि त्यातून त्याला महिन्याला ९९२ युरो मिळतात. कर्जाचा भार हलका व्हावा म्हणून तो नोव्हेंबरपासून एका पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करत होता, हेही मला आत्ताच कळले.

एकाच विषयात तीनदा नापास झाले तर विद्यापीठातून कायमचे काढून टाकतात, असे तो म्हणतो, आणि त्या भीतीने त्याची झोप उडाली आहे. हे खरे आहे का? वडिलांना आत्ता सांगावे, की पुनर्परीक्षा होईपर्यंत थांबावे? सध्या त्यांची एप्रिल छाटणीची धावपळ आहे. आणि ते रात्रीचे काम त्याने सोडावे का? तिथे शिकलेल्या कोणी नाशिककराने उत्तर दिले तर फार बरे होईल.

अंबडचा परतलेला अभियंता यांचे उत्तर

ताई, मी २०१८ ते २०२१ या काळात जर्मनीत याच शाखेत शिकलो आणि आता अंबडच्या एका कारखान्यात काम करतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम मी तीन वर्षांत पूर्ण केला, यावरून माझा अनुभव कोणत्या जातीचा आहे हे ध्यानात येईल. माझ्या पहिल्या सत्रातही एक ५.० होता.

तुमचा भाऊ म्हणतो ते खरे आहे, पण अर्धे. बहुतेक जर्मन विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेला मोजके प्रयत्न मिळतात, साधारणपणे तीन. आणि अनिवार्य विषयात शेवटचा प्रयत्नही वाया गेला तर तो अभ्यासक्रम तिथेच संपतो, इतकेच नव्हे तर त्याच किंवा निकटच्या विषयाला दुसऱ्या जर्मन विद्यापीठात प्रवेश मिळणेही अवघड होऊन बसते. आपल्याकडे केटी राहिली की पुढच्या सत्रात बसायचे, नाही सुटली तर त्याच्या पुढच्या, ही जी सवय आपल्या अंगात मुरलेली असते ती तिथे चालत नाही. मात्र त्याचा अजून एकच प्रयत्न खर्च झाला आहे. पहिल्या प्रयत्नात नापास होणाऱ्यांत तिथली मुलेही भरपूर असतात आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही. माझ्या वर्गातला एक जर्मन मुलगा मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवता जेवता ‘माझा दुसरा प्रयत्न ऑगस्टमध्ये आहे’ असे सहज सांगत होता, आणि मी मात्र माझा निकाल खोलीतल्या जोडीदारापासूनही लपवून ठेवला होता.

त्याने पहिली गोष्ट करावी ती अशी, की आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि स्वतः वाचावी; व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातील सांगोवांगीवर राहू नये. प्रयत्न किती, पुनर्परीक्षा कधी, तिला पुन्हा नोंदणी करावी लागते की ती आपोआप होते, हे सारे तिथे लिहिलेले असते आणि ते विद्यापीठागणिक बदलते. काही ठिकाणी आपोआप नोंदणी होते, विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नसतो, तो गैरहजर राहतो आणि एक प्रयत्न फुकट जातो. परीक्षेच्या दिवशी आजारी पडल्यास त्याच दिवशी डॉक्टरचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘बरे नव्हते’ असे नंतर सांगून काही उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट, उत्तरपत्रिका पाहण्याचा दिवस. निकालानंतर प्रत्येक विषयाची तपासलेली उत्तरपत्रिका समोर बसून पाहण्याचा अधिकार विद्यार्थ्याला असतो, त्याला क्लाउजूरआइनझिश्ट म्हणतात. आपल्याकडची बरीच मुले तिकडे फिरकतच नाहीत, कारण आपल्या डोक्यात ते पुनर्मूल्यांकनासारखे भांडण असते. तसे ते नसते. सहायक शेजारी उभा असतो आणि त्याला शांतपणे विचारता येते की इथे गुण का गेले. मी पहिल्या वेळी गेलो नाही, ही माझी सर्वांत मोठी चूक होती.

तिथला अभ्यास नेमका कुठे चकवतो तेही सांगतो, कारण वडिलांना समजावताना तुम्हाला ते उपयोगी पडेल. नव्वद मिनिटांचे व्याख्यान संपले की सगळे विद्यार्थी बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात, तीच त्यांची टाळी, आणि सगळे पांगतात. हजेरी नाही. इनसेम म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा नाही, टर्मवर्क नाही, सबमिशन नाही, फाईलवर सही घेण्यासाठी कुणाच्या दारात ताटकळणे नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत तुम्हाला कोणी एका शब्दाने विचारत नाही, आणि ज्याला चार वर्षे सतत कोणीतरी विचारत आले आहे त्याला ते स्वातंत्र्य सुटीसारखे वाटते. त्यात डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो आणि दिवस कधी गेला ते समजत नाही. मग एके दिवशी १२० मिनिटांचा एक पेपर येतो आणि त्या विषयाचे सगळे गुण त्याच्यावरच असतात.

माझ्या पेपरात हस्तलिखित सूत्रांचा एक कागद नेण्याची मुभा होती, ए-फोर आकाराचा, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. मी त्यावर इतक्या बारीक अक्षरात सोडवलेली उदाहरणे उतरवली होती की मलाच ती वाचता येईनात. प्रश्नपत्रिकेत त्यांपैकी एकही आले नाही. शेजारच्या मुलीच्या कागदावर जेमतेम अकरा-बारा समीकरणे होती आणि उरलेला कागद कोरा होता.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी मी तीन गोष्टी बदलल्या. व्याख्यान एखादे चुकले तरी चालेल, पण उदाहरणांचा वर्ग, ज्याला ते युबुंग म्हणतात, तो चुकवायचा नाही, आणि उदाहरण आधी स्वतः सोडवून जायचे. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन प्रश्न विचारायचे. तिथे ‘सर रागावतील’ ही भीती निराधार असते. आणि विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, म्हणजे फाखशाफ्टकडे, बहुधा जुन्या प्रश्नपत्रिका असतात, त्या मागून घ्यायच्या. त्या असतात हेच मला वर्षभर कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

रात्रपाळीबद्दल माझे मत कठोर आहे. कायद्याने त्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. माझ्या वेळी १२० आणि २४० होते. परवानगी आहे म्हणून सगळे दिवस वापरावेत असे मुळीच नाही. गोदामातून सकाळी सहाला परतलेला मुलगा सव्वानऊच्या कंटिन्युअम मेकॅनिक्सला शरीराने फक्त हजर असतो. २०२६ मध्ये तिथले किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, त्यामुळे मोह होणार हे मी समजू शकतो. पण एक सत्र वाढले तर राहण्या-जेवण्याचा सहा महिन्यांचा खर्च वाढतो, आणि तो गोदामाच्या कमाईला सहज खाऊन टाकतो. हा हिशेब त्याला एकदा कागदावर मांडायला लावा. काम हवेच असेल तर पुढे एखाद्या विभागात सहायक म्हणून मिळते का ते पाहावे. पैसे साधारण तेवढेच मिळतात आणि माणूस विषयाच्या जवळ राहतो.

सातपूरकर यांचे उत्तर

वरील उत्तर चांगले आहे, पण मला दुसरी बाजूही मांडाविशी वाटते. शिक्षण चालू असताना बँक हप्ता मागत नाही म्हणून व्याज थांबत नाही, ते साचतच जाते. माझ्या पुतण्याला कॉलेज रोडवरच्या एका सल्लागाराने ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असे सांगूनच पाठवले. परीक्षा किती अवघड, प्रयत्न किती, भाषेशिवाय नोकरी मिळणे किती कठीण, यातले चकार शब्दाने सांगितले नाही. तो दीड वर्षाने परत आला. घर तारण असेल तर भावनेत न वाहता आत्ताच परत बोलावणे हाही एक शहाणपणाचा पर्याय आहे. सातपूर-अंबडमध्ये चांगल्या यांत्रिकी पदवीधराला काम मिळत नाही असे नाही.

निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोड यांचे उत्तर

मी तीस वर्षे याच नाशिकमध्ये यांत्रिकी शाखेला शिकवले, त्यामुळे या प्रश्नातील काही वाटा माझ्याकडेही येतो असे मी मानतो.

जर्मनीत परदेशी गुणांचे रूपांतर ज्या सूत्राने करतात, त्यानुसार आपल्या दहापैकी ८.२ ला, उत्तीर्णतेची किमान पातळी ४ धरून, सुमारे १.९ येतात. म्हणजे कागदावर हा मुलगा चांगल्या श्रेणीचा म्हणून तिथे गेला. तो तसा नाही असे मला म्हणायचे नाही. पण तो ज्या पद्धतीत शिकला तिच्यात पहिल्या दोन घटकांवर तीस गुणांची इनसेम असते आणि ती झाली की ते घटक मागे पडतात, कारण सत्तर गुणांच्या एंडसेमला, म्हणजे सत्राच्या अखेरच्या परीक्षेला, पुढचे चारच घटक येतात. त्यातही प्रश्न पहिला किंवा दुसरा, तिसरा किंवा चौथा, असा पर्याय असतो. एखाद्या घटकातील अवघड अर्धा भाग सोडून देऊनही मुलगा उत्तम गुणांनी पास होतो, आणि कोणता अर्धा सोडायचा हे त्याला आम्हीच, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, पेन्सिलने खुणा करून सांगितलेले असते. कंटिन्युअम मेकॅनिक्समध्ये टेन्सर या गणिती संकल्पनेचा पाया जिथे लागतो, नेमके तिथेच आपली मुले अडखळतात, ते यामुळे.

म्हणून माझी सूचना अशी की त्याने तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून सुरुवात न करता पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे गणित आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स पुन्हा उघडावे. पहिले तीन आठवडे त्यात गेले तरी ते वाया जाणार नाहीत. सातपूरकरांच्या मताशी मात्र मी सहमत नाही. चारपैकी दोन विषय, तेही रात्रपाळी करून, सुटले असतील तर परत बोलावण्याइतकी वेळ आलेली नाही.

इंदिरानगरची आई यांचे उत्तर

घरी कधी सांगावे, एवढ्यापुरतेच लिहिते. माझ्या मुलीने आमच्यापासून पूर्ण एक वर्ष लपवले. पुढे वास्तव्याचा परवाना वाढवताना तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाने अभ्यासातील प्रगतीचे कागद मागितले, विषय फार कमी सुटलेले दिसले, आणि विद्यापीठाचे पत्र जोडण्यासाठी तिची धावपळ झाली तेव्हा आम्हाला सगळे समजले. परवाना मिळाला. पण त्या वर्षभरात ती दिवाळीचा फराळही डब्यातून न काढता तसाच ठेवत होती, हे तिने नंतर सांगितले तेव्हा मला निकालापेक्षा त्याचे वाईट वाटले. ताई, छाटणी दरवर्षीच असते. वडिलांना सांगा, आणि तुम्ही सांगू नका, त्याला स्वतःला सांगू द्या; तुम्ही फक्त शेजारी बसा. आणखी एक, तिथल्या विद्यार्थी सेवा संस्थेकडे समुपदेशन मोफत मिळते आणि पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतही मिळते. झोप उडाली असेल तर त्याने तिथे जायला संकोच करू नये.

अंबडचा परतलेला अभियंता यांचे पुन्हा उत्तर

सातपूरकर काका, व्याजाचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि भाषेचाही. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने राहता येते, परंतु कारखान्यातल्या कामाला जर्मन नीट येत नसेल तर ते महिने अर्ज करण्यातच जातात, माझे गेले. फक्त पुतण्याच्या आणि या मुलाच्या प्रकरणात एक फरक मला दिसतो: याला अजून दोन प्रयत्न आहेत आणि कारण स्पष्ट आहे. पुनर्परीक्षेनंतरही हीच स्थिती राहिली तर मीही तुमच्यासारखेच बोलेन.

मखमलाबादची ताई यांचे पुढील टिपण

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

भावाने नियमावली वाचली. त्याच्या विद्यापीठात तीन प्रयत्न आहेत, पुनर्परीक्षेला नव्याने नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी वेगळे शुल्क नाही. कंटिन्युअम मेकॅनिक्सची उत्तरपत्रिका तो पाहून आला. वीस मिनिटे मिळाली, फोन बाहेर ठेवावा लागला. बेरजेत दोन गुण कमी धरलेले निघाले आणि ते लगेच वाढवून मिळाले, तरी निकाल बदलला नाही. उत्तीर्ण व्हायला पन्नास हवे होते, त्रेचाळीसचे पंचेचाळीस झाले. पण त्याने मला जे सांगितले ते वेगळेच होते. दोन उदाहरणांची अंतिम उत्तरे बरोबर होती, आणि तरी त्यांना निम्मेही गुण नव्हते. प्रत्येक ठिकाणी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिलेला होता, ‘वारूम?’, म्हणजे ‘का?’. एका पानावर तो तीनदा होता. हे समीकरण इथे का लागू होते, हे त्याने कुठेच लिहिले नव्हते. आजवर ते लिहावे लागले नव्हते असे तो म्हणाला. प्राध्यापक महोदय, मी तुमचे उत्तर त्याला पाठवले आहे.

वडिलांना त्याने व्हिडिओ कॉलवर स्वतः सांगितले. मी शेजारी बसले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की पुन्हा बसायला पैसे किती लागतात. काही नाही म्हटल्यावर विचारले की प्रयत्न किती उरले. दोन, असे तो म्हणाला. ‘ते रात्रीचे काम बंद कर,’ एवढे बोलून ते उठले, कारण थ्री-फेजची वीज आली होती आणि मोटर चालू करायची होती. आई मात्र रडली, आणि नंतर त्याच्याकडून तो काय खातो याची पूर्ण यादी घेतली.

गोदामाचे काम त्याने सोडले आहे. कंट्रोलची उत्तरपत्रिका पाहण्याचा दिवस पुढच्या आठवड्यात आहे. जुन्या प्रश्नपत्रिका फाखशाफ्टकडे खरोखरच होत्या, सहा वर्षांच्या.